वीतभर जीप आणि देवपूरचे बिबडे

टायर! एक टायर, हो! बाकी काही म्हणजे काही नाही! एवढं मोठं खोकं, त्या खोक्यात दुसरं खोकं, त्यात ते टचटच फोडायचं प्लास्टिक, ते उलगडेपर्यंत अर्धी गल्ली ओट्यावर जमलेली, आणि निघालं काय, तर तळहाताच्या खळग्यात मावेल एवढासा एक टायर! तुम्हाला सांगतो, आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यात लोकांनी गाड्या घेतल्या, कोणी रोखीने घेतली, कोणी हप्त्याने घेतली, पण गाडीच हप्त्याहप्त्याने घरी मागवणारा आमचा योगराज पहिला!

म्हणजे असं की, छोट्या गाड्यांचे सुटे भाग पाठवणाऱ्या एका कंपनीचं सभासद व्हायचं. मग दर महिन्याला एक खोकं. आज टायर, पुढच्या महिन्यात दिवा, त्याच्या पुढच्या महिन्यात अर्धा दरवाजा... अर्धा बरं का! आणि असं जोडत जोडत दोन वर्षांनी तयार होणार काय? जीप. केवढी? वीतभर! आता मला सांगा, हे परवडतं का? योगराज तसा शहाणा माणूस आहे. बसस्टँडजवळ औषधांच्या दुकानात कामाला, कोणती गोळी जेवणाआधी, कोणती जेवणानंतर, हे दिवसभर लोकांना सांगतो. आणि घरी येऊन चिमट्याने टायर उचलतो! त्याची बायको मयुरी पहिल्याच दिवशी म्हणाली, "अहो, बंद करा हे, लोक हसताहेत." तर हा टायर उजेडात धरून म्हणतो कसा, "हसू दे. पुढच्या खोक्यात काय निघतं, पाहू तरी!"

पण त्याला दोष तरी कसा द्यायचा? योगराजचे वडील, नाना. नानांनी आयुष्यभर जळगाव-पाचोरा जीप चालवली. बाराजणांच्या जीपमध्ये किती बसवायचे, ते विचारू नका, टपावरच्यांना धरायचं की नाही ते आधी ठरवावं लागेल! "पाचोरा, पाचोरा, पाचोराऽऽ" अशी आरोळी ठोकली की पिंप्राळ्यात लोक घड्याळ लावायचे. पुढे जीप म्हातारी झाली, भंगारात गेली. आणि नानाच गप झाले हो! ओट्यावर खुर्चीत बसायचे, एक हात वर, एक हात खाली, असे विचित्र. कोणी म्हटलं, "नाना, हात दुखतो का?" तर हूं. जेवलात? हूं. झोपता? हूं. कानडोळ्यांना काही झालेलं नाही, डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. पोराच्या जिवाला काय वाटत असेल? म्हणून योगराजने त्या कंपनीची जाहिरात पाहिली आणि झाला सभासद. त्याला एकच हवं होतं. नानांनी एकदा त्या जीपकडे पाहून म्हणावं, ही माझी गाडी. बस!

आणि नाना काय म्हणाले? टायर पाहिला, बॉनेट पाहिलं, सीट पाहिलं. दर महिन्याला चष्मा लावायचे, हातात घेऊन उलटसुलट करायचे आणि परत द्यायचे. "हाई मनी गाडी नही शे." संपलं! पुढच्या महिन्यात दिवे आले. "मनी गाडी नही शे." योगराजने रंग खरवडला, तसाच धुळकट रंग दिला, पाट्यांवर चिखलाचे शिंतोडेसुद्धा काढले, हो, ब्रशने! "नही शे." पण एक सांगतो, खोकं यायचा दिवस आला की नाना सकाळपासून ओट्यावर हजर. पोस्टमनवर नजर. म्हणजे उत्सुकता तर होतीच ना? गल्लीलाही होती. नावं ठेवणारी ती आक्काबाई, समोरची, "या पैशांत खरी सायकल आली असती गं बाई" म्हणणारी, तीसुद्धा कात्री घेऊन यायची खोकं कापायला! पुढच्या खोक्यात काय निघतं, पाहू तरी!

असं करत करत शेवटाशेवटाला आलं स्टेअरिंग. रुपयाएवढं, काळं, गोल, सरळ. योगराजने त्याला आणखी एक हात रंगाचा दिला आणि वाळायला ठेवलं. कुठे? गच्चीवर. केव्हा? चैत्रात. आता चैत्रात खान्देशातल्या गच्चीवर काय असतं, हे या माणसाला माहीत नाही? अहो, मयुरीची आई, मंजुळाबाई, खास धुळ्याहून आलेली, मायलेकींनी ज्वारी भिजवून, शिजवून, तीळ-मिरची-लसूण घालून घाटा केलेला, आणि जुन्या लुगड्यांवर ओल्या हाताने बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापणं चालू! गच्चीभर बिबडे! पाय ठेवायला जागा नाही! आणि हा लुगड्याच्या काठावर स्टेअरिंग ठेवून खाली आला चहा प्यायला. वारा आला, लुगडं फडफडलं... संध्याकाळी वर गेला तर लुगडी गोळा, बिबडे डब्यात आणि स्टेअरिंग गायब!

मग काय विचारता! कोपरे झाडले, पन्हाळ उपसलं, घरातला डबा पालथा घालून एकेक बिबडा ट्यूबलाइटसमोर धरून पाहिला. नाही. कंपनीला फोन लावला. तिकडची ती मुलगी, आवाज असा गोड, "सर, सुटा भाग मिळत नाही, सर. तुम्ही पुन्हा सभासद व्हा ना, सर. स्टेअरिंग शेवटी शेवटी येईलच, सर." आणि हा बाबा घाबराघुबरा होऊन "बरं" म्हणून बसला! बरं?! तेवढ्यात मयुरी म्हणाली, "अहो... एक डबा आई मघाशी धुळ्याला घेऊन गेली ना."

झालं! दुसऱ्या दिवशी योगराज धुळ्याच्या बसमध्ये. पण धुळ्यातल्या देवपूरला सासूबाईंच्या दारात उभा राहिला आणि तिथेच अडला. कारण बोलणार काय? जावयाने सासूच्या डब्यात हात घालायचा? "सासूबाई, तुमच्या बिबड्यांत माझं स्टेअरिंग असेल," असं तोंड वर करून म्हणायचं? तो म्हणाला, "सासूबाई, सहज आलो. बिबडे खावेसे वाटले." अहो, मंजुळाबाई एवढ्या हरखल्या! जळगावहून जावई फक्त बिबडे खायला आला! शेजारणींना हाका गेल्या, कढई चढली, पहिला घाणा ताटात. योगराजने बिबडा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, मागूनपुढून पाहिला, मग खाल्ला. दुसरा, तसाच. तिसरा. मंजुळाबाई शेजारणींना सांगताहेत, "देखा वं, मना जवाई बिबडाबी पारखीसन खातस!" आणि आणखी वाढताहेत. "ल्या ना जवाई, कसाले लाजतस?" याचं पोट तट्ट फुगलं, जिभेला मिरचीने फोड आले, डोळ्यांतून पाणी, डबा मात्र अर्ध्याच्यावर भरलेला. काय करतो बिचारा? पुढच्या घाण्यात काय निघतं, पाहू तरी!

आणि निघालं! कढईतून भस्सकन काळा धूर, प्लास्टिकचा वास, आणि एका फुललेल्या बिबड्याच्या पोटातून डोकावणारं काळं काहीतरी. मंजुळाबाईंनी झाऱ्याने तो वर उचलला. "आरे देवा! मना बिबडामा हाई काय निघनं?" शेजारणींसमोर अब्रूच गेली ना त्यांची! पण योगराज उडी मारून ओरडतोय, "सापडलं! सापडलं!" आता जावयाला वेड लागलं म्हणायचं की झटका आला म्हणायचं? शेवटी त्याने सगळं सांगितलं, नानांचं सांगितलं, आणि सांगता सांगता रडला हो तो. कारण स्टेअरिंग सापडलं खरं, पण उकळत्या तेलात वितळून एका बाजूने वर, एका बाजूने खाली लोंबलेलं. दोन वर्षांची वाट आणि हे असं वाकडं! मंजुळाबाईंनी ते पदराने पुसलं, राहिलेलं तेल कढईसकट बाहेर ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "लावीसन त देखा."

घरी आला. कोणाला काही न बोलता ते वाकडं स्टेअरिंग जीपमध्ये बसवलं आणि जीप नानांच्या मांडीवर ठेवली. गल्ली ओट्यावर जमलेली. आक्काबाई खोकं नसतानाही कात्री घेऊन हजर, म्हणजे बघा! नानांनी चष्मा लावला. बॉनेट पाहिलं, दिवे पाहिले. मग स्टेअरिंग पाहिलं... आणि पाहतच राहिले. त्यांचे दोन्ही हात आपोआप उठले, एक वर, एक खाली.

"अरे... हाईच! हाईच मनी गाडी शे!"

अहो, नानांच्या जीपचं स्टेअरिंग तसंच होतं! पाचोऱ्याच्या बाजाराजवळ बैलाने धडक दिली, स्टेअरिंग वाकलं, आणि त्यानंतर सगळी वर्षं नानांनी एक हात वर, एक हात खाली धरून गाडी सरळ चालवली! आणि बाराजणांना कधी कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर बसलं कोण असतं? योगराजलाही माहीत नव्हतं. नाना हसायला लागले, हसता हसता डोळे पुसायला लागले, सगळं सांगायला लागले, थांबेचनात! आणि त्या संध्याकाळी किती वर्षांनी पिंप्राळ्यात आरोळी आली, "पाचोरा, पाचोरा, पाचोराऽऽ!" आक्काबाईच्या हातातून कात्री पडली.

तर परवडतं का, असं विचारता? मला तेव्हा वाटलं, परवडलं बुवा. चला, सुटला योगराज, झाली जीप पुरी.

पण परवा पोस्टमन पुन्हा दारात. खोकं! अहो, ते फोनवरचं "बरं"! तो पुन्हा सभासद झालेला ना! बंद करायला फोन केला तर ती गोड मुलगी म्हणते, "दोन वर्षं बंद होत नाही, सर." आक्काबाईने खोकं कापलं. आत खोकं. त्यात टचटच प्लास्टिक. आणि त्यात काय? टायर! एक टायर!

योगराज डोक्याला हात लावून खाली बसला. नानांनी मात्र टायर उचलला, फुंकर मारली, जीपच्या मागे लावून पाहिला.

"बरं व्हयनं. स्टेपनी नव्हती." आणि चष्मा सारखा करत म्हणतात कसे, "आते फुडला खोकामा काय निघस, देखूत तरी!"