पेपर न वाचणाऱ्या आजी

परवा आमच्या गाईड मॅडम निवृत्त झाल्या आणि मला एमएचं शेवटचं वर्ष आठवलं. माध्यम संशोधनाचा प्रबंध, विषय गावातलं पेपरवाचन. दोनशे प्रश्नावल्या छापून मी नाशिकहून सिन्नरजवळच्या एका गावात गेले. पहिल्याच घरी ओट्यावर एक आजी बसलेल्या.

"आजी, पेपर वाचता का?"

"नाय गं बाई, मला कुठं वाचता येतंय!"

मी ‘वाचत नाही’वर खूण केली आणि उठले. तशा त्या म्हणाल्या, "पण कालची धरणाची बातमी खोटी होती बरं का."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सून दोन पेपर वाचून दाखवती. दोन्हीत येगयेगळं होतं. मग धरणाजवळ भाऊ ऱ्हातो, त्याला फोन लावला."

संध्याकाळी मी हे मॅडमना हसत हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत.

"प्रश्नावली नव्यानं कर. संशोधन त्या बाईंनी केलं, तू नुसती खूण केलीस."

रडूच आलं मला. पण दुसऱ्या दिवशी परत गेले. आजींनी भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप माझ्यापुढे सरकवलं.

"कागद ठेव बाजूला. शेंगा फोडत इचार काय ते."