आडवा काप

वहिनी : पण सळीचा तुकडा आडवाच का कापलात, भावजी?

दीर : आडवाच कापतात, वहिनी. सोपं पडतं. चौकशीला आलेल्या सगळ्यांनी मायक्रोस्कोपमधून पाहिला. बारीक ठिपके, बस्स. आमच्या मिलचं पोलाद स्वच्छ.

वहिनी : स्वच्छ! त्याच सळीतून लेथवर कातलेला नळजोड तेलाच्या दाबानं उभा फाटला, एका माणसाचे दोन्ही हात भाजले. आणि खापर कुणावर? तो कातणाऱ्या तुमच्या सख्ख्या भावावर!

दीर : दादाचं टूल बोथट असेल, त्याला मी काय करू? तुम्ही पडलात त्याची बायको, तुम्हाला पुळका येणारच.

वहिनी : पुळका? या इकडे. तीच सळी, आज माझ्या लॅबमध्ये मी उभी कापलीय. लावा डोळा.

दीर : ...रेघा दिसतायत.

वहिनी : दोरे आहेत ते! दोरा टोकाकडून पाहिला की ठिपकाच दिसणार ना?

दीर : अहो, या पोलादात गंधक मुद्दामच घालतात. कातताना कीस पटापट तुटावा म्हणून.

वहिनी : मला नका शिकवू. गंधकाचे कण जाडसर, दाण्यासारखे राहिले तर कीस तुटतो. ताणून दोरे झाले तर सळीच उभी फाटते. भट्टीतून केव्हा काढत होतात माल?

दीर : तसं काही ठरलेलं नसतं...

वहिनी : भावजी!

दीर : वरून तगादा होता हो. पुरतं तापायच्या आधीच काढत होतो. लाटायचे रोल कुरकुरायचे, पण सळी निघायची.

वहिनी : निघणारच! पोलाद घट्ट, आतले कण त्याच्यापुढे मऊ. लाटाल तसे लांबत गेले. आणि हे ठाऊक असून चौकशीत आडवा काप पुढे केलात? लाज नाही वाटली?

दीर : माझी नोकरी गेली असती, वहिनी.

वहिनी : म्हणून त्यांची घालवलीत!

दीर : ...दादा काय म्हणतो?

वहिनी : धाकट्यानं लाटलेली सळी आहे, तिच्यात खोट नसणार, म्हणतात. आपलाच हात चुकला असं धरून बसलेत. मला राग त्याचाच येतो.

(दीर मायक्रोस्कोपवरून डोळा काढतो.)

दीर : आत्ता गेलो तर भेटेल का तो घरी?

वहिनी : भेटतील. हल्ली दिवसभर घरीच असतात.