दोन रिपोर्ट, एक तारीख

खोटा कसा म्हणतोस, सम्यक? बस आधी. ते दोन्ही रिपोर्ट इकडे ठेव — पंख्याखाली नको, उडतील. हो, सही माझीच आहे, दोन्हींवर. तारीखही एकच, अकरा वर्षांपूर्वीची, तुझ्या दहावीनंतरची. एकावर शिक्षक, दुसऱ्यावर इंजिनिअर — आईच्या कपाटात सापडले? साड्यांखाली? शालनताई गेल्याचं मला कळलंच नाही रे. कळलं असतं तर मानपाड्याला आले असते. नाही, खरंच आले असते.

हे बघ, करिअर समुपदेशन म्हणजे काय, तर पालक गळ घालतात. समोर आई हात जोडून बसली की आपण — नाही. हात नव्हते जोडले त्यांनी. आता त्या नाहीत, म्हणून त्यांच्यावर ढकलतेय मी. त्या तर खूश होत्या! कोपरीच्या दवाखान्यात आयाचं काम करायच्या ना — "आमच्या घरात मास्तर!" म्हणाल्या, दोनदा. आणि कलचाचणी बरोबरच होती. पेपर सोडवताना तू शेजारच्या मुलाला प्रश्न समजावत होतास. मी ओरडले, तरी तुझं चालूच. चाचणी हवी होती कशाला?

मग उठता उठता त्यांनी विचारलं — सगळेच विचारतात, दारात उभं राहून — "मॅडम, तुमचा मुलगा असता तर?" यावर हसायचं आणि विषय सोडून द्यायचा, तसंच शिकवलंय आम्हाला. मी म्हटलं, थांबा. आमचे हे शिक्षकच होते, विनाअनुदानित शाळेत. चौदा वर्षं. अनुदान येईल, या मार्चला नाही तर पुढच्या — तोवर संध्याकाळी खोपटला शिकवण्या. मूल? अनुदान आलं की बघू. आलं रे अनुदान — हे गेल्यावर आठ महिन्यांनी. तेव्हा मुलगा असता तर, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार — पण सांगितलं. इंजिनिअर करा म्हटलं. दुसरा रिपोर्ट छापला, पहिला फाडून टाका म्हटलं. त्यांनी नाही फाडला. का नाही, ते मला नको विचारू.

सोमवारी राजीनामा? आणि मग — बी.एड.? आत्ता, सत्ताविसाव्या वर्षी? अरे, कंपनी चांगली आहे, पगार वेळेवर होतो, वर्षभर थांब, बाहेरून काही करता येतं का ते — बघ. बघितलंस? अजून तेच येतं तोंडात. रोज येतं. या खुर्चीत कुणीही बसू दे, चाचणी काहीही म्हणू दे, मी भितेच, आणि ती भीती छापून, सही करून त्यांच्या हातात देते.

म्हणून सोमवारपर्यंत इकडे येऊ नकोस. फोनही नको. मी तुला थांबवेन. आणि तू थांबशील — शालनताईंसारखाच आहेस, मॅडम म्हणाल्या की खरं.

ऊठ. जा म्हणते ना.