पाठीमागे वळलेला कर्णा

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून चार वर्षं झाली होती. ओहायोतल्या एका वाद्यांच्या दुकानात हायरम फाटका ढोल घेऊन रांगेत उभा होता. त्याच्या पुढे एक म्हातारा बँडवाला आणि त्याची बायको. म्हाताऱ्याच्या पोचे आलेल्या पितळी ट्रॉम्बोनचा कर्णा खांद्यावरून पाठीमागे वळलेला, मागून चालणाऱ्या पलटणीला ऐकू जावं म्हणून.

“अहो, आता तरी पुढे तोंड असलेला घ्या. पलटण राहिलीय कुठे?”

“ह्याला काय धाड भरलीय?”

“बागेत वाजवता, तेव्हा लोक बसतात समोर आणि सूर जातात मागच्या झाडांना!”

“झाडं तुझ्यासारखी कुरकुर करत नाहीत.”

“पहिल्या बाकावर बसून मला नुसते तुमचे फुगलेले गाल दिसतात.”

“बरं बाई, बागेसाठी नवा घेऊ. पण हा मोडीत काढायचा नाही.”

“ठेवून करायचंय काय?”

“अंत्ययात्रेत बँड पुढे असतो आणि शवपेटी मागे.”

“मग?”

“तू आधी गेलीस, तर तुला ऐकू यायला नको?”

हायरमने ढोल हलकेच खाली टेकवला.

म्हातारी दुकानदाराकडे वळली. “मालक, ह्यांचा हा जुना जरा नीट करून द्या.”

“कधीपर्यंत हवाय, बाई?”

“सावकाश करा हो. आम्हाला काही घाई नाही.”