अंजनाखालचा डबा

मी मूळचा देऊळगाव राजाचा. वडील तहसीलमध्ये कारकून होते. आमच्या घरात बोलणं कमी आणि वाचणं जास्त, जेवताना वडिलांच्या ताटाशेजारी पोथी नाहीतर वर्तमानपत्र असायचंच, तेव्हा माझी सवय तिथून आली असं म्हणता येईल, पण गेलेल्या माणसावर ढकलून काय उपयोग. मी मराठीचा शिक्षक झालो, चौतीस वर्षं शिकवलं, आणि सुमनशी लग्न झालं ती जानेफळपासून दोन कोस आतल्या गावची, शेतकऱ्याच्या घरची. सातवी शिकलेली. तिचं बोलणं पक्कं वऱ्हाडी, मले, तुले, काऊन, आणि माझं असं, त्याला ती पुस्तकी म्हणायची. म्हणायची, तुम्ही बोलता तं वाटते धडा वाचून राह्यले. ती वैशाखात गेली. तीन दिवस ताप आला एवढंच निमित्त झालं.

तुम्ही लिहून घेताय म्हणून पहिलं मूल आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्हाला पहिला मुलगा झाला, तिच्या माहेरीच झाला, तशी रीतच होती. मी तेव्हा घाटाखाली नोकरीला. बारशाला येतो असं कार्ड टाकलं होतं, झबलं घेऊन ठेवलं होतं, आणि नवव्या दिवशी ते मूल गेलं. निरोप पोचायला एक दिवस, मला दोन गाड्या बदलून पोचायला आणखी एक दिवस. पोचलो तर सगळं झालेलं होतं. एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात, ते तुम्हाला माहीतच असेल. तिच्या माहेरच्यांची आणखी एक रीत होती, की पुरल्याची जागा आईबापाला सांगायची नाही, आणि आईबापानंही त्याचा विषय काढायचा नाही, नाहीतर पुढचं मूल धरत नाही म्हणायचे. सासरे म्हणाले, मास्तर, झालं ते झालं, इचारू नका. मी विचारलं नाही. झबलं पिशवीत होतं ते पिशवीतच परत नेलं. मी त्याचं तोंड पाहिलेलं नाही, म्हणून मला वाटायचं की मला रडण्याचा हक्क नाही, असं काहीतरी डोक्यात होतं तेव्हा. पुढे मुलगी झाली, ती आता पुण्याला असते. पण त्या मुलाचं नाव आमच्या घरात कधी निघालं नाही, आणि निघणार तरी कसं, नाव ठेवलंच नव्हतं.

पुढच्याच कार्तिकात सुमन म्हणाली की आमच्या गावच्या झाडीत आवळीभोजनाले जाऊ. झाडी म्हणजे तिच्या गावामागचं रान, साग, धावडा, पळस, मधे मधे अंजनाची उंच झाडं, आणि कडेला एक जुनी आवळी. तिच्याखाली बसून जेवायचं. गेलो. मग दरवर्षी जायला लागलो, दोनतीन खेपा चुकल्या असतील तेवढ्याच. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा, आणि एक छोटा स्टीलचा डबा, झाकणावर तिचं नाव कोरलेला, तो ती वेगळा भरायची. वनदेवाचा निवद म्हणायची. जेवण झालं की मी आवळीला टेकून पुस्तक उघडायचो आणि ती डबा घेऊन आत झाडीत जायची, तासाभरानं यायची, ओटीत सीताफळं असायची. मला वाटायचं सीताफळांसाठी जाते.

आणि काय सांगू तुम्हाला, दरवर्षी जाताना ती मला विचारायची. येता काय जराकसं तिकडं, म्हणायची. एवढंच. दुसरा शब्द नाही. आणि मी म्हणायचो, तू हो पुढे, एवढं प्रकरण संपू दे. ती एखादा क्षण उभी राहायची, मग पदर खोचून निघून जायची. परत आल्यावर विचारायची, संपलं काय प्रकरण? मी म्हणायचो, थोडं राहिलं. एकदा म्हणाली, तुमचं प्रकरण काही या जन्मी संपत नाही. मी हसलो. आम्ही दोघंही हसलो.

त्या डब्याबद्दल एकदा मीच तिला चिडवलं होतं, ते आठवतं. ती डब्यात ठेचा भरत होती. आमच्या घरी सोवळंओवळं फार, नैवेद्यात लसूण चालायचा नाही, म्हणून मी म्हटलं, तुझ्या देवाला ठेचा चालतो का गं. ती मान खाली घालून झाकण लावत होती. म्हणाली, आता चालते त्याले. मला गंमत वाटली. मी पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं.

ती गेल्यावर पाचसहा महिने मी वाचलंच नाही. पुस्तक उघडलं की वाटायचं, कुणीतरी उभं आहे, विचारून उत्तराची वाट पाहतंय. मग कार्तिक आला तसं मनानं घेतलं, की ती दरवर्षी कुठं जात होती ते एकदा पाहायचं. बाकी काही नको. नैवेद्याचा डबा तिच्याशिवाय कोण भरणार, आणि मला येतो तो फक्त भात, तर भात मऊ शिजवला, दूध घातलं, चिमूटभर साखर घातली, आणि डबा पिशवीत टाकून जानेफळची गाडी पकडली. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, एकटे कुठे निघालात या वयात. मी म्हटलं, जरा कामानिमित्त.

सुमनचा भाऊ बबनराव नाक्यावर मोटारसायकल घेऊन आला होता. साठी उलटली त्याची, पण गाडी अजून पोरासारखी हाणतो. रस्त्यानं सोयाबीन निघून गेलेली रानं, काही ठिकाणी हरभरा नुकता टोकं काढत होता, तुरी फुलावर होत्या. नाल्यापाशी गाडी ठेवली आणि पायी निघालो. मला धाप लागली तेव्हा तो म्हणाला, भाऊजी, पुस्तकं उचलून छाती होत नाही. आवळी होती तिथंच होती. मी बसलो नाही. म्हटलं, बबनराव, तुमची बहीण इथून कुठे जायची ते मला दाखवा.

त्यानं डोक्याचं उपरणं काढून तोंड पुसलं. म्हणाला, बाईनं शपथ घातली होती भाऊजी, तुम्ही आपल्या तोंडानं म्हणसान तवाच दाखवायचं. म्या किती डाव म्हणलं, मी सांगतो त्यायले, तं म्हणे नको, त्यायच्या मनात नसंल तं काऊन जखम उकरतं.

मग चालता चालता त्यानं सांगितलं. तेव्हा तो वीस वर्षांचा, खड्डा त्यानंच खणला होता. पुढच्या कार्तिकाच्या आधी सुमननं दोन दिवस अन्न सोडलं, आणि त्याच्याकडून जागा वदवून घेतली. आईनं विषय काढायचा नाही ही रीत मात्र तिनं मोडली नाही. तिला वाटायचं, की मी आपण होऊन चार पावलं तिच्या मागे आलो तर बोलावं लागणारच नाही, दिसेलच. चार पावलं कसली, मी मोजली नाहीत, पण आवळीपासून पाव घटकेची वाट होती. मला वाटायचं ती विसरली, तिला वाटायचं मी विसरलो. एका घरात चाळीस वर्षं.

एक मोठं अंजन आहे तिथं. खाली सपाट दगड रचलेले, जनावरानं उकरू नये म्हणून बबनरावानंच तेव्हा रचले होते, आता ते मातीत रुतलेत आणि त्यांच्यावर पाला पडलाय. मधे एक चापट दगड, पुसून पुसून गुळगुळीत झालेला. त्यावर ती डबा ठेवायची, म्हणाला. पहिल्या साली दूधभात आनला होता बाईनं. मग दोनेक वर्षांनी गूळपोळी. मग भाकरीचा काला. मंग मी एक डाव पाह्यलं तं ठेचा. म्हणलं, बाई, येडी झाली काय वं, लेकराले ठेचा? तं म्हणे, लेकरू कायचं बे, आता घोडं झालं ते, दूधभात खाईन काय. आणि मांगच्या चार सालांपासून दोन भाकरी आने. मी इचारलं नाई, तिनंच सांगतलं, म्हणे सून आली असंल ना आता.

मी पिशवीत हात घातला आणि डबा काढला. झाकण उघडलं तसा बबनराव आत डोकावला, आणि त्याला हसू आलं आणि हसता हसताच तो खाली बसला. म्हणाला, भाऊजी, दूधभात आनला. तो चाळिशीचा झाला न. मी म्हटलं, असू द्या. त्याच्या आईनं त्याला वाढवलं, मी आजच पाहिला. माझ्यासाठी तो नऊ दिवसांचाच आहे.

डबा त्या दगडावर ठेवला. बबनरावानं आधी उपरण्यानं दगड पुसून दिला, तिची तशी पद्धत होती म्हणाला. मी तिथं बसलो. पुस्तक आणलंच नव्हतं. वरून अंजनाची पानं पडत होती, एखादं भातावर पडलं, ते मी काढलं नाही. निघताना मोठ्यानं म्हणालो, संपलं गं प्रकरण. बबनराव दुसरीकडे पाहत उभा होता.

परतताना त्यानं माझ्या पिशवीत सीताफळं भरली. घरी आणली, पिकली, शेजारी वाटली, दोन मी खाल्ली.

आता तुम्हाला काय आशीर्वाद द्यायचा, वयानं मोठा आहे म्हणून देतो, कुणी जराकसं तिकडं या म्हणालं तर तुमचे पाय तुमचं ऐकोत. माझं म्हणाल तर पोळी शिकतोय सध्या. शेजारच्या वहिनी दाखवतात, गूळ पातळ होतो आणि कडेनं बाहेर येतो, त्या म्हणतात, गुरुजी, पीठ घट्ट मळा. होईल हळूहळू. दोन वर्षं आहेत माझ्याकडे. पुढच्या कार्तिकात दूधभातच न्यायचा आहे, त्याच्या पुढच्या कार्तिकात त्याला गूळपोळी लागेल.