साहेबांचा पांढरा रुमाल

अरे, धूर तपासणं म्हणजे काय ते आम्ही एकाहत्तर-बाहत्तर सालीच सुप्याच्या रस्त्यावर बघितलंय! यंत्र कुठलं आलंय तेव्हा? आरटीओचे साहेब ट्रकच्या धुराड्यावर पांढरा रुमाल धरायचे. काळा झाला की दंड. रुमाल मात्र सकाळपासून तोच.

आमच्या बापूराव ड्रायव्हरचा ट्रक टपरीपाशी बंद पडलेला. साहेबांनी मागं जाऊन रुमाल धरला आणि नाचवत आणला. "बघ, किती काळा! काढ दंड."

बापूराव म्हणाला, "साहेब, गाडीत इंजिनच न्हाई. कालच उतरवून नगरला दुरुस्तीला धाडलंय."

साहेबांनी बॉनेट उघडून आत पाहिलं, मग रुमालाकडं पाहिलं आणि खेकसले, "इंजिन नसताना एवढा धूर? मग बसवल्यावर काय करशील रे?"