बिनउकळलेली सुई

माझं नाव सुंदरा. माहेर जळकोटाच्या खालच्या अंगाला, हमरस्त्यापासून दोन कोस आत, आन् सासर तिथून एक ओढा वलांडला की. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा. आमी समदे बौद्ध झालो तवा मी आठ-नऊ वर्साची असंन, आन् बापानं त्याच साली मला शाळेत घातलं, म्हनला पोरगी असली म्हनून काय झालं, तिला अक्षर कळलं पायजे. चौथीपतूर शिकले. माझ्यापाठची एक बहीन, शांता, आईला आमी दोघीच. आई बाप कामाला गेले की शांता माझ्या कडेवर, शाळेत सुदिक कडेवर, मास्तर रागवायचे, पर तिला ठेवू कुठं. काय सांगू तुम्हाला, ती चालायला लागली तरी माझ्या कडंवरचा तिचा डाग काय गेला न्हाय.

लगीन झालं, इकडं आले. मालक चांगला मानूस, पर बहात्तरचा दुष्काळ पडला आन् समदी एका पातळीवर आली. सरकारी दुष्काळी कामावर पाटलाचं मानूस बी खडी फोडाया आन् आमी बी खडी फोडाया. दुपारी खायला सुकडी मिळायची, ती पदरात घेऊन घरी यायचं. त्याच वक्ताला गावात दवाखाना आला. सोसायटीच्या गोदामात दाना न्हवताच, तवा चेअरमननं त्यातली एक खोली झाडून दिली आन् सोलापूरकडनं एक डाक्टर आनला. तरुन व्हता. मानूस वाईट न्हवता, हे मी आधीच सांगते, न्हायतर तुमी म्हनाल बाई एकाच अंगानं बोलती.

डाक्टरला एक बाई पायजे व्हती. पुवाच्या पट्ट्या धुवाया कोन येनार, कुनी यीना, म्हनून आमच्या वस्तीत निरोप आला. मी गेले. डाक्टरनं इचारलं, घड्याळ कळतं का. म्या म्हनलं कळतं. त्यानं भिंतीवरचं घड्याळ दाखिवलं, किती वाजले सांग, म्या सांगितलं, मंग म्हनला उद्यापास्नं ये. मंग मला शिकिवलं. काचेची सिरींज येगळी करायची, सुई येगळी, समदं डब्यात, वर बुडंल एवढं पानी, स्टोव्हवर ठेवायचं, आन् उकळी फुटल्यावर तिथनं वीस मिन्टं मोजायची, एक बी कमी न्हाय. चिमट्यानं काढायचं, हात लावायचा न्हाय. एका मानसाला टोचली की ती सुई परत डब्यात. काही मानसं तोंड फिरवायची, हिच्या हातची सुई नको म्हनायची. डाक्टर म्हनायचा, मंग दुखनं घेऊन घरी जावा. तवा मला लई बरं वाटायचं.

त्याच हिवाळ्यात गावची हीर आटली. बगा, खाली उतरून वाटीनं पानी भरायचं, ते बी गढूळ. टँकर यायचा त्यातलं दवाखान्याला दोन घागरी. सोसायटीचं रॉकेल कधी यायचं कधी न्हाय, आन् आलं की चेअरमनच्या मर्जीनं वाटायचं. स्टोव्ह कोरडा. आधी डाक्टर म्हनला, धाच मिन्टं उकळ. मंग म्हनला, सकाळी एकदा उकळ, दिवसभर तेवढ्यावर भागव. मंग ते बी गेलं, कापसाचा बोळा स्पिरिटमदी बुडवायचा, सुई पुसायची, फुडच्या मानसाला द्यायची. बाजाराच्या दिशी तर इचारू नका, वट्यावर मानसं पसरलेली, कुनाला ताप, कुनाला जुलाब, कुनाला नुसती कमजोरी. गोळी दिली की मानूस नाराज. सुई टोचा म्हनायचा, टोचल्याबिगर उठायचा न्हाय.

म्या एकदा सांगितलं. म्या म्हनलं, साहेब, तीन दिवस झाले सुया उकळल्याच न्हाईत. तो टोचता टोचता थांबला. म्हनला, सुंदराबाई, मानसाला प्यायला पानी न्हाय आन् तू सुयांना आंगूळ घालतीस व्हय. बाहेर बग किती बसल्यात. लाव स्पिरिट. चेअरमन तितंच खुर्चीत बसलेले, ते हसले. म्या लावलं स्पिरिट.

मंग मानसं परत याया लागली. कुल्ल्यावर गाठी, दंडावर गाठी, आतनं पू. त्या पट्ट्या मीच धुवायची, म्हनून मला कळायचं कुनाला कुठं टोचलं व्हतं. आन् दोन-अडीच महिन्यांनी डोळे पिवळे झालेली मानसं. पारावर समदी म्हनायची, गढूळ पानी पितोय, कावीळ व्हनारच. मला बी वाटलं पान्याचीच असंल. पर ज्यांचे डोळे पिवळे व्हायचे त्यांचे दंड माझ्या वळखीचे व्हते.

त्याच दिवसांत आई शांताला घेऊन आली. शांताला सहावा महिना. सासरी खडीवर जात व्हती, चक्कर येऊन पडली. हातापायाच्या काड्या, पोटच तेवढं फुडं. आई म्हनली, तुझ्या डाक्टरला सांग, हिला ताकदीचं इंजेक्शन दे. म्या सांगितलं. तो म्हनला आन बसव, तुझी बहीन म्हंजे घरचंच मानूस. बाजाराचा दिवस. तिच्या आधी एक धनगराचा म्हातारा व्हता, ताप आलेला, आन् त्याच्या डोळ्याचा पांढरा भाग हळदीवानी. मला दिसला. डाक्टरनं त्याला टोचलं, सुई माझ्या हातात दिली. म्या बोळा भिजिवला, पुसली, आन् परत त्याच्या हातात दिली. तोंडापतूर आलं व्हतं, साहेब, हिच्यापुरती तरी दुसरी उकळून आनते. घोटभर पानी, कुठं वस्तीत चुलीवर बी उकळलं असतं. पर मागं एकदा त्याची बोलनी खाल्लेली, वर त्यानं घरचं मानूस म्हनलेलं, आन् म्हनलं एका बारीनं काय व्हतंय. शांता हसली. म्हनली, अक्का, दुखलं बी न्हाय बग.

आठवा सरत आला आन् तिला वकाऱ्या सुरू झाल्या. अन्न न्हाय, पानी न्हाय. मी गेले तर ती उन्हात बसलेली आन् समदी पिवळी, नखं पिवळी. मंग बरळाया लागली. मलाच वळखीना, मला आई म्हनायची आन् आईला कोन तू म्हनून इचारायची. खडीच्या ट्रकात घालून सोलापूरला नेली. तिथल्या डाक्टरनीबाईनं डोळे बगितले, पोट बगितलं आन् इचारलं, मागच्या दोन-तीन महिन्यांत सुई टोचली व्हती का. आई म्हनली, व्हय, ताकदीची, हिनंच फुकट देवविली. ती बाई माझ्याकडं बगून लिहीत राहिली. तिसऱ्या दिशी शांता गेली. लेकरू पोटातच. दोघांना एकत्रच आनलं.

मला दवाखान्यात जावंच वाटंना, पर गेले, घरात दुसरं काय व्हतं. पंधरा-वीस दिवसांनी सरकारचा आरोग्याचा साहेब आला, गावात काविळीची मानसं लई म्हनून. हिरीचं पानी बाटलीत भरलं, टँकरचं भरलं. मंग दवाखान्यात आला. डाक्टर, चेअरमन, गावची चार मानसं उभी. साहेबानं डब्याचं झाकन काढलं, आत कोरडं. डाक्टरला न्हाय, मला इचारलं, बाई, सुया किती येळ उकळता. चेअरमन म्हनले, तिला काय कळतंय साहेब, तिच्या घरात मयत झालीया. म्या म्हनलं, वीस मिन्टं उकळायच्या असत्यात, हे मला कळतं. पाच-सहा महिनं झाले, आमी उकळतच न्हाय. पुसून देतो. मीच पुसते.

डाक्टर खुर्चीत बसला, त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. म्हनला, खरं हाय. ती मला सांगत व्हती.

आठ दिवसांत दवाखान्याला कुलूप लागलं आन् डाक्टर गेला. तुमाला वाटंल, चला, बरं झालं. कसलं बरं. पंधरा कोसांत दुसरा डाक्टर न्हाय, आन् वरनं उन्हाळा. चेअरमननं चारचौघांत सांगितलं, हिनं गाव उघडं पाडलं. खडीच्या कामावर माझ्यासंगं कुनी पाटी उचलू लागंना. आमच्याच वस्तीतली पारू, तिच्या लेकराला हगवन लागली, वर्साचं लेकरू, सोलापूरची गाडी धराया जळकोटाला निघाली तर वाटंवर तिच्या खांद्यावरच गेलं. माती देऊन आल्यावर ती माझ्या दारात आली. शिव्या न्हाय, काय न्हाय. एवढंच म्हनली, सुंदरा, दवाखाना असता तर ह्यानं सलाईन तरी घेतलं असतं गं. आन् गेली. मी उंबऱ्यात बसून राहिले. बोलले न्हाय तवा बहीन गेली, बोलले तवा पारूचं लेकरू गेलं. मंग मानसानं करावं तरी काय, हे मला अजून कुनी सांगितलं न्हाय. मालक म्हनले, चल, पुन्याकडं जाऊ, कुठं बी जाऊ. म्या म्हनलं, तिथं बी मीच असनार की.

दीड वर्सानं सरकारी उपकेंद्र झालं. नर्सबाई आली, तिला त्या आरोग्याच्या साहेबानं सांगितलेलं, तिनं इचारलं, ती घड्याळवाली बाई कुठाय. तवापास्नं मी तिथंच. आता पावसाचं बरं हाय, हिरीला पानी हाय, तरी रॉकेलचा खोळंबा व्हतोच. स्टोव्ह पेटला न्हाय तर मागं तीन दगडांची चूल मांडते, काटक्या घालते. मानसं वरडत्यात, म्हातारे, जीव जातोय, किती उकळतीस. म्या म्हनते, बसा. नर्सबाई बी कवा कवा घाई करती. तिला बी म्हनते, बसा. पारूची थोरली सून परवा लेकराला टोचून घ्यायला आली व्हती. पारू संगं व्हती. वीस मिन्टं भिंतीला टेकून बसली, माझ्याकडं बगितलं न्हाय, पर उठून बी गेली न्हाय.

आई अजून हाय. डोळ्यांनी दिसत न्हाय तिला. सनासुदीला जाते तवा माझ्या तोंडावरनं हात फिरविती आन् शेजारनीला सांगती, माझ्या सुंदरानं त्या डाक्टरचं खोटं उघडं केलं, माझ्या शांतासाठी साऱ्या गावाशी वाकडं घेतलं, आन् मंग मला म्हनती, बाई तुझं कल्यान व्हवो. ती सुई पुसून कुनी दिली ते तिला म्या सांगितलेलं न्हाय. साहेबाफुडं सांगितलं, गावाफुडं सांगितलं, आन् आज तुमाला सांगितलं. आईला न्हाय सांगवत. ती हात फिरविती आन् म्या मान खाली घालून तो आशीरवाद घेते.